झोपलेला आठ

चक्की चालू आहे की बंद, हे आमच्या गावाला मडकं सांगायचं. इंजिनाचा धूर बाहेर नेणारी लोखंडी नळी भिंतीतून निघून छपरावर उभी होती आणि तिच्या तोंडावर हुसेनमिस्त्रींनी बूड फोडलेलं एक मडकं उपडं बसवलं होतं. इंजिन सुरू झालं की त्यातून ‘कुक, कुक, कुक’ असा आवाज निघे, तो थेट नाक्यापलीकडच्या वस्तीपर्यंत जाई. तो ऐकला की बाया ज्वारीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन निघत. आवाज नसला की आज पट्टा तुटलेला दिसतो असं म्हणून शेजारणीकडून पीठ उसनं आणत. आम्हा घरच्यांना मात्र तो आवाज ऐकूच येत नसे, इतका तो अंगवळणी पडला होता. तो थांबला की आम्ही दचकायचो. आईच्या हातातली भाकर तव्यावर टाकायची राहून जायची आणि ती म्हणायची, “काय झालं बाई?”

चक्की पुढे आणि घर मागे, मध्ये एकच दार. त्या दारातून दिवसभर पीठ घरात येई. देवांच्या डोक्यावर पीठ, माझ्या पाटीवर पीठ, वाळत घातलेल्या लुगड्यावर पीठ. आईच्या चुनाला, म्हणजे आमच्याकडच्या पिठल्याला, आणि ठेच्यालासुद्धा जात्याच्या दगडाचा एक वास यायचा. मला तो अन्नाचाच वास वाटायचा. पुढे सासरी गेल्यावर पहिल्या दिवशी जेवताना काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, ते हेच होतं. बाबा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीतली नकलनविशी सोडून चक्कीच्या धंद्यात पडले होते. त्यांची काळी टोपी सकाळी काळी असे आणि दुपारपर्यंत पांढरी होई. नातेवाईक त्यांना “काय पीठवाले” म्हणत. बाबा हसत, पण ते त्यांना लागत असे. माणसं आपल्याला नावाजतील असं काहीतरी एकदा करून दाखवायचं, हे त्यांच्या मनात फार होतं. हे मला आता कळतं. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते आणि बाबा फार चिडके आहेत एवढंच मला कळत होतं.

आमचं इंजिन चालवणारे हुसेनमिस्त्री देऊळघाटचे. मी त्यांना चाचा म्हणायची. शनिवारी सकाळी सायकलवर येत, गुरुवारी संध्याकाळी परत जात. म्हणून आमची चक्की शुक्रवारी बंद असे. त्यांचं जेवण आईच करायची, पण त्यांचं ताट वेगळं होतं. ते स्वतः घासून चक्कीच्या कोनाड्यात उभं करून ठेवत. तेव्हा ते कोणाला खटकत नव्हतं, मलाही नाही. आता लिहिताना हात थांबतो. आई त्यांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आवडते म्हणून मुद्दाम करायची, वरून तेल घालून द्यायची, आणि तरी ताट वेगळंच. दोन्ही खरं होतं.

मग आमच्या गावात, बुलढाण्यात, विजेचे खांब उभे राहिले. आधी कचेरी, मग दवाखाना, मग पेठेतली चार दुकानं. बाबांच्या डोक्यात मोटर शिरली. तेव्हा आमचं सरकार नागपूरला असे; त्याचा शिक्का असलेला परवान्याचा कागद आला, तो बाबांनी देवघरात ठेवला. कागदाच्या मागून बैलगाडीतून मोटर आली. हिरव्या रंगाची, गोल, दोन्ही तोंडांना जाळीसारख्या खिडक्या असलेली. ती इंजिनाच्या एक चतुर्थांशही नव्हती. ही बाई दळणार काय, असं मला वाटलं. हुसेनचाचांनी तरुणपणी खामगावच्या कापसाच्या एका जिनात विजेचं काम केलं होतं, त्यामुळे बसवण्याचं काम त्यांच्याकडेच आलं. ज्या इंजिनाला ते बारा वर्षं तेल पाजत होते त्याचा पट्टा त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. फडक्याने इंजिनाची चाकं पुसली आणि त्यावर पोतं टाकलं.

मला त्यांच्या कामात लुडबुडायला मिळालं ते खड्ड्यापासून. चक्कीच्या मागे त्यांनी माणसाच्या छातीइतका खोल खड्डा खणून घेतला, त्यात एक जाड पत्रा उभा पुरला आणि भोवती कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर, असं भरत आणलं. पत्र्याची तार मोटरच्या अंगाला नेऊन आवळली. एवढं मीठ जमिनीत घालताना पाहून आईचा जीव तुटत होता. मी विचारलं, “चाचा, हे लोणचं कायचं?”

ते म्हणाले, “हा धरतीचा खड्डा हाय बेटा. मोटरच्या अंगात करंट उतरला तं इथून जमिनीत जाते. नाही तं मानसाच्या अंगातून जाते. ह्याले रोज घागरभर पानी पाजत जा. हा तहानला राह्यला तं मानूस मरते.”

हे काम मला दिलं गेलं आणि मी ते देवपूजेसारखं केलं. रोज सकाळी वेणी घालायच्या आधी एक घागर. माणूस मरते म्हटल्यावर कोण चुकवील? माझ्या डोक्यात त्यातून एवढंच पक्कं बसलं, की विजेला पाणी लागतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळं बसून झालं. चाचांची तपासायची एक रीत होती. “आधी डोयानं, मंग हातानं, मंग काट्यानं. करंट सगळ्याच्या शेवटी,” असं ते म्हणत. एकेक तार डोळे बारीक करून पाहिली, एकेक स्क्रू पेचकसाने पुन्हा आवळला, हाताने मोटरचा दांडा फिरवून कान लावला. मग खामगावहून मागून आणलेली एक लाकडी पेटी उघडली. तिला कडेला फिरवायचा दांडा आणि वर काचेखाली काटा होता. ते तिला मेगर म्हणत. तिची एक तार मोटरच्या आतल्या गुंडाळीला लावली, दुसरी मोटरच्या लोखंडी अंगाला. “फिरव,” मला म्हणाले. मी दोन्ही हातांनी दांडा फिरवला. काटा थरथरत एका टोकाला गेला आणि तिथे उभा राहिला. तिथे आठाचा आकडा आडवा काढलेला होता.

“हा आठ झोपला काऊन?” मी विचारलं.

“झोपलेलाच पाह्यजे. काटा त्याच्यापाशी गेला म्हनजे आतली वीज आत हाय, अंगाले लागत नाही. काटा इकडं शून्यावर पडला, तं हात लावनारा गेला.” मग हसून म्हणाले, “आठ झोपला की आपन बी बेफिकीर झोपायचं.”

बाबांनी दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. तहसीलदारसाहेबांच्या हातून बटण दाबून घ्यायचं, पेठेतले वीस-पंचवीस लोक बोलवायचे, पेढे वाटायचे. ज्या कचेरीत ते नकला करीत होते तिथला सगळ्यात मोठा माणूस त्यांच्या दारात येणार होता. ते दोन दिवस जेवले की नाही, मला आठवत नाही.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, आणि पूजेच्या आधी प्रत्येक वस्तूला आंघोळ. विळी, खलबत्ता, तराजू, वजनं, चाचांचे पाने, सगळं धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान ठेवायचं. दरवर्षी इंजिन मीच धुवायची. लोखंडाचं धूड ते, त्याच्यावर दहा घागरी ओतल्या तरी त्याला काही होत नसे. त्या सकाळी मी खड्ड्याला घागर घातली, आत आले आणि मोटर पाहिली. नवी आली, आणि तिला पारोशी ठेवायची? मी कलश भरून आणला, हळद-कुंकू कालवलं आणि तिच्यावर ओतलं. पाणी त्या जाळीच्या खिडक्यांतून आत गेलं. ते बाहेर यायला वेळ लागला. तिला तहान लागली होती असं मला वाटलं आणि मी आणखी दोन कलश घातले. मग माझ्या जुन्या परकराने तिला बाहेरून कोरडी ठणठणीत पुसली, कुंकवाची पाच बोटं लावली, हार घातला. खाली जमीन ओली होती, पण त्या दिवशी घरातली सगळीच जमीन ओली होती. हे कोणाला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. विळी धुतली हे आपण सांगतो का?

उन्हं वर आली तशी माणसं जमली. बाबांनी नारळ फोडला, आरती झाली, तहसीलदारसाहेब खुर्चीवर बसले. चाचा म्हणाले, “एक डाव काटा पाहून घेतो.” बाबा म्हणाले, “काल पाह्यला ना?” चाचा म्हणाले, “करंट द्यायच्या आधी पाहाच लागते.” त्यांनी पेटी उघडली, दांडा फिरवला. काटा शून्यावर पडला. त्यांनी तारा काढल्या, पुसल्या, परत लावल्या, फिरवला. शून्य. मी आरतीचं ताट हातात धरून उभी होते. झोपलेल्या आठाकडे पाहत होते आणि काटा तिकडे का जात नाही ते मला कळत नव्हतं. चाचांनी मोटरच्या बाजूचं लहान झाकण उघडलं, आत बोट घातलं. बोट लाल होऊन आलं. ते त्यांनी पायजम्याला पुसलं.

“मोटरले हात कोनं लावला?” त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, “पूजा झाली तेवढी. पूजेले हात लावनं म्हनता का तुम्ही?” मागे दोघं-तिघं हसले.

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या परकराकडे पाहिलं की नाही, ते मी नक्की सांगू शकत नाही. मला काहीतरी सांगावंसं वाटत होतं, पण काय, हेच समजेना. मी तर पाणीच पाजलं होतं, आणि पाणी पाजायला त्यांनीच सांगितलं होतं. मी चुकले असेन तर मग खड्ड्यालाही पाणी घालून चुकले का? आणि चूक असेल तर ते बोलत का नाहीत? मी ताट घेऊन एक पाऊल पुढे आले तसे ते म्हणाले, “जा बेटा, तू आत जा.” मी आत गेले नाही, दाराच्या मागे उभी राहिले.

“दोन-चार दिवस राहू द्या मालक,” चाचा म्हणाले. “झाकन उघडं ठेवून ऊन लागू द्या. आपोआप होते.”

“काऊन? बिघडलं काय?”

“काटा म्हनते म्हनून.”

“काल काटा वेगळं म्हनत होता.”

चाचा पेटीच्या तारा गुंडाळू लागले. तेवढ्यात पेठेतले एक तेलाचे व्यापारी, ज्यांना कुठेही बोलल्याशिवाय चैन पडत नसे, ते म्हणाले, “इंजिन गेलं तं मिस्त्री बी गेला ना. त्याले कशी चालन मोटर?” ते वाक्य बाबांच्या कानात शिरताना मी पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्यांना उत्तर सापडलं होतं. बाबा उठले, मेन स्विचकडे गेले आणि म्हणाले, “साहेब, या. आपन सुरू करू. काट्यानं काय होते?”

चाचा त्यांच्या पुढून गेले. घाई न करता त्यांनी फ्यूजची पेटी उघडली, चिनीमातीचे तिन्ही पांढरे फ्यूज उपटले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. ते निघाले की वीज मोटरपर्यंत पोचतच नाही. मग म्हणाले, “साहेबाचा हात लागन तिले. मी नाही लावू देनार.”

बाबांचा आवाज फुटला, “निघा. उद्यापासून येऊ नका.” चाचांनी पेटी उचलली, सायकल काढली आणि गेले. तहसीलदारसाहेबांनी पेढा खाल्ला, “होतं असं” म्हणाले आणि तेही गेले. त्या दिवशीच्या पुरणपोळ्या तशाच राहिल्या. आईने कोनाड्यातल्या ताटाकडे पाहिलं आणि आत जाऊन उगीचच चूल सारवली.

चौथ्या दिवशी खामगावहून दुसरा वायरमन आला. ऑक्टोबरचं ऊन होतं, पत्र्याचं छप्पर भट्टीसारखं तापत होतं. त्याने पेटी उघडली, दांडा फिरवला. काटा सरळ झोपलेल्या आठापाशी गेला. खरं सांगते, मला आनंद झाला. म्हणजे माझ्या पाण्याने काहीच झालं नव्हतं. त्याने नवे फ्यूज बसवले, आधी पट्टा न लावता मोटर फिरवून पाहिली, मग पट्टा चढवला आणि कोंडा दळून दगड साफ केला. चक्की चालू झाली. पेठेत एकच बोललं गेलं, की मोटर चांगलीच होती, हुसेननेच खोडा घातला. मीही तसंच समजले. मला चाचांचा राग आला. मला घाबरवलं म्हणून आला, खोटं बोलले म्हणून आला, गेले म्हणून आला. यातला कोणता राग किती होता, ते आजही वेगळं काढता येत नाही.

मोटरला आवाज नव्हता. म्हणजे होता, पण घरापुरता, एक बारीक गुणगुण. गावाला काही कळेना. बाया येईनात. बाबांनी छपरावर एक लाल निशाण लावलं, चक्की चालू की वर, बंद की खाली. आठ दिवसांत पोलिस शिपाई विचारायला आला, हे निशाण कोणत्या पक्षाचं. मग ते पिवळं झालं. शुक्रवारची सुट्टी तेवढी कोणी न ठरवता तशीच चालू राहिली.

वर्ष गेलं. पुन्हा दसरा आला, तोच वायरमन तपासायला आला होता. मी कलश घेऊन निघाले तसा तो म्हणाला, “ताई, मोटरले पानी नाही. नुसतं कुंकू लावा. आत पानी गेलं की वाळेपर्यंत काटा उठत नाही. वाळली की जशीच्या तशी.” मी कलश खाली ठेवला. वाळली की जशीच्या तशी. चार दिवस ऊन. ते दिवसभर माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

देऊळघाटला माझी मावशी होती. दिवाळीत तिच्याकडे गेले तर गावात शिरतानाच ‘कुक, कुक, कुक’ ऐकू आलं. आमचं जुनं इंजिन तिथल्या एका पाटलाने घेतलं होतं आणि त्याच्यावर चाचाच होते. मडकंही त्यांनी नवं बसवलं होतं. ते मला पाहून उठले, फडक्याला हात पुसले. बुलढाण्यात त्यांना काम मिळालं नव्हतं. जिथे जातील तिथे त्यांची गोष्ट आधी पोचलेली असे. हे मावशीने मला सांगितलं होतं.

“चाचा, मोटर मी धुतली होती,” मी म्हणाले.

“मालूम हाय बेटा. बोट लाल झालं ना माहं.”

“मंग तुम्ही सांगितलं काऊन नाही?”

त्यांनी इंजिनाकडे पाहिलं. “कोनाले सांगू? दसऱ्याचा दिवस. पंचवीस मानसं, साहेब, तुहा बाप. तिथं हुसेन मिस्त्री म्हनन, पूजेच्या पान्यानं मोटर बिघडली? मले मिस्त्री राहू देल्लं असतं का कोनी?” जरा थांबून म्हणाले, “आन् तुले बापानं मारलं असतं. ते बी होतंच. पन पहिलं ते पहिलं.”

मी म्हणाले, मी बाबांना सांगते. ते म्हणाले, “सांग.” मग आत जाऊन त्यांनी एक डबा आणला. त्यात रुमालात गुंडाळलेले ते तीन फ्यूज होते. “तुह्या बापाची अमानत. माह्या खिशातच राह्यले.”

दुसऱ्या दिवशी मी घरी परतले, दुपारी बाबा जेवायला बसले होते. मी रुमाल सोडून फ्यूज त्यांच्या ताटाजवळ ठेवले आणि एका दमात सगळं सांगितलं. पाणी मी घातलं, तीन कलश, आत ओल होती, ते खरं बोलत होते. मार बसेल म्हणून मी डोळे मिटले होते.

“माहीत हाय,” बाबा म्हणाले.

मी डोळे उघडले. ते ताटातच पाहत होते. “चौथ्या दिवशीच त्या वायरमननं सांगितलं होतं. आत कुंकू दिसलं त्याले; ओल होती, वाळली म्हने.”

चुलीपाशी आईचे हात थांबले होते. मला वाटलं, ते आता पुढे काही बोलतील, टोपी घालतील, उठतील. वर्षभर ते निशाण वर-खाली करत होते, पेठेतल्या लोकांचं ऐकून घेत होते, आणि त्यांना माहीत होतं. बाबांनी ते तीन फ्यूज डाव्या हाताने बाजूला सरकवले.

“भाकर वाढ,” ते म्हणाले. मी वाढली.

ते फ्यूज आज माझ्याकडे आहेत. पुण्यात सुनेने नवा फ्रिज आणला तेव्हा बसवायला आलेल्या माणसाला मी विचारलं, अर्थिंग पाहिलं का. तो हसला, सूनही हसली, माझ्या ‘काऊन’वर हसते तशीच. मी त्याला पाहायला लावलंच.

मी फ्यूज बाबांच्या ताटाजवळ ठेवले त्या दिवशी गडबडीत माझं खड्ड्याला पाणी घालायचं राहून गेलं. संध्याकाळी पाहिलं तर बाबा घागर घेऊन मागे चालले होते. ज्यांनी आयुष्यात कधी घरचं पाणी भरलं नव्हतं ते. त्यानंतर ते काम त्यांनी मला करू दिलं नाही. रोज सकाळी एक घागर, हुसेनचाचांनी सांगितली होती तशी, ते मरेपर्यंत घालत राहिले. देऊळघाट तीन कोसांवर होतं. तिथे ते कधी गेले नाहीत.